भंगारातला ग्राइंडर आणि मामांचा हात



विहारावर पंचशील ध्वज लावण्यासाठी एक लोखंडी पाईप हवा होता. नवा घ्यायला वर्गणी पुरत नव्हती, म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही खामगावातील एका भंगार दुकानात गेलो. पाईप मिळाला. पण त्याच ढिगाऱ्यात, मोडक्या सायकलींखाली, एक जुना बेंच ग्राइंडर पडलेला दिसला. मध्ये बिडाची गोल मोटार, दोन्ही बाजूंना एकेक दगड, वर गंजाचा थर. कुठल्याशा बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगमधून आला, एवढेच दुकानदाराला ठाऊक होते. नामफलकावरचा 'मुंबई' हा एकच शब्द वाचता येत होता. काट्यावर पस्तीस किलो भरला. आम्ही तो भंगाराच्याच भावाने घेतला आणि पाईपासोबत ऑटोत टाकून घरी आणला.

घरच्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचे चुकले नाही. आम्ही पडलो कारकून. जमाखर्चाची वही आम्हाला कळते, नट-बोल्ट कळत नाहीत. पण खामगाव ही कापसाची जुनी पेठ. १८७० साली जलंब ते खामगाव रेल्वे झाली ती कापसासाठीच. आपल्या वस्तीतल्या किती घरांच्या चुली या जिनांच्या जोरावर पेटल्या! त्या जिनातले एक यंत्र वितळायला जाताना पाहवले नाही, हेच खरे कारण.

ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्वी गावोगाव शिकलगार येत. त्यांच्या साणेच्या चाकात लाखेत कालवलेली कुरुंदाची भुकटी असे. कुरुंद हा आपल्याच देशातला कठीण दगड; आपल्या विदर्भात भंडारा जिल्ह्यातील पोहरा येथे तो सापडतो. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द इकडूनच तिकडे गेलेला आहे. पुढे १८९१ साली अमेरिकेत अ‍ॅचेसन नावाच्या संशोधकाने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले आणि कारखान्यात बनवलेल्या दगडांचे युग सुरू झाले. आपल्याकडे १९४१ साली उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेलने असे दगड बनवायला सुरुवात केली. मोटारीच्या दांड्याच्या दोन टोकांना असे दोन दगड बसवले की झाला बेंच ग्राइंडर. एक दगड जाड कणांचा, खरडण्यासाठी. दुसरा बारीक कणांचा, धारेसाठी. छिन्नी, ड्रिल, लेथचे हत्यार, जिनाची पाती, सगळ्यांची धार या एका यंत्रावर अवलंबून. ते थांबले की कारखान्यातली बाकीची हत्यारे बोथट होतात.

इंग्लंड-अमेरिकेत अशी जुनी यंत्रे हौसेने जमवणारे लोक आहेत. हाताने फिरवायचे, पायाने चालवायचे, पहिल्या विजेच्या मोटारींचे, असे ग्राइंडर शोधून ते उघडतात, साफ करतात, पुन्हा चालू करतात. त्याचे गार्ड, त्याची टेकणी, दगड सरळ करण्याचे ड्रेसर हेही जमवतात. हौसेला मोल नाही. आम्हालाही आधी हौसच होती. छान हिरवा रंग द्यावा, पितळी फलक घासून चकचकीत करावा आणि चौदा एप्रिलला विहारात मांडून ठेवावा, असा आमचा बेत होता. रंगाचा डबाही आणला होता.

तेवढ्यात आमच्या वस्तीतले मामा आले. मामा आता पंचाहत्तरीचे. एका जिनात बत्तीस वर्षे हेल्पर होते. त्यांनी रंगाच्या डब्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाबूसायेब, रंग कायले लावता आधी? दगड पाह्यला का?"

त्यांनी दगड काढायला सांगितला. उजवीकडचा नट निघाला. डावीकडचा काही केल्या निघेना. आम्ही जोर लावला तसा तो अधिकच आवळत गेला. मामा हसले. डाव्या बाजूला उलटे आटे असतात. दगड फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून ही व्यवस्था. उलटा फिरवला तसा नट निमूट सुटला.

मग मामांनी दगड बोटावर अडकवून लोंबता धरला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवला. चांगला कोरडा दगड असला की घंटेसारखा खणखणीत आवाज येतो. आमचा दगड वाजला तो फुटक्या माठासारखा. आत तडा होता, डोळ्याला न दिसणारा. "हा दगड मेला हाये," मामा म्हणाले, "हा फिरला का माणूस मरते." आणि त्यांनी तो हातोडीने फोडून टाकला, म्हणजे पुन्हा कोणी उचलून लावू नये.

आम्हाला वाईट वाटले. पण हिशेब करून पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. आठ इंची दगड मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेतो. म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. तडा गेलेला दगड त्या वेगाने फुटला तर त्याचे तुकडे समोरच्याच्या तोंडावर येतात. आम्ही रंग देऊन, बटण दाबून, मुलांना समोर उभे करून टाळ्या वाजवणार होतो!

त्या दिवशी मामा पहिल्यांदा मोकळे बोलले. जिनात असताना पाती खोलून ग्राइंडरपर्यंत वाहून न्यायची, पाणी आणून द्यायचे, झाडून काढायचे, हे काम त्यांचे. धार लावायचे काम दुसऱ्यांचे. "मले कोनी यंत्राले हात लावू देला नाही. मी पाहू पाहू शिकलो." एकदा मिस्त्री आजारी पडला, सीझन तोंडावर होता, तेव्हा नाइलाजाने मामांना उभे केले. पाती अशी लागली की पुढे अडीनडीला त्यांनाच बोलावू लागले. काम मिस्त्रीचे, पगार आणि हुद्दा मात्र शेवटपर्यंत हेल्परचा. त्यांच्या एका सोबत्याचा डोळा याच यंत्राच्या ठिणगीने गेला. चष्मा कपाटात होता आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. त्या कारखान्याचे नाव लिहून आज उपयोग नाही. तो बंद झाला, डोळा काही परत आला नाही.

मामांचे बोलणे ऐकताना आम्हाला मनमाड आठवले. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले, हे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. पण आपला माणूस रेल्वेत गँगमनच्या वर चढत नाही, वर्कशॉपमध्येही तो हमालच राहतो, मेकॅनिक क्वचितच होतो, हेही बाबासाहेबांनी त्याच परिषदेत मांडले होते. आपले मलकापूर, नांदुरा, शेगाव ही त्याच रेल्वेची स्टेशने. पुढे मजूरमंत्री असताना २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी सरकारकडे आपल्या मुलांच्या तांत्रिक शिक्षणासाठी मदत मागितली. वकील-डॉक्टर होण्याइतकेच यंत्रावर हक्काने उभे राहणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. आपण पहिले लक्षात ठेवले आणि दुसरे विसरलो.

म्हणून बेत बदलला. हा ग्राइंडर शोभेसाठी मांडायचा नाही, कामासाठी चालू करायचा, असे ठरले. रविवारी रविवारी काम चालले. मामा सांगत आणि वस्तीतली आय.टी.आय.ची मुले-मुली हात लावत. कोणाला असे जुने यंत्र सापडले तर उपयोगी पडावे म्हणून मामांनी शिकवलेले थोडक्यात लिहितो.

जुना रंग कोरडा खरवडू नये. पूर्वीच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो; ओला करून, तोंडाला मास्क लावून काढावा आणि लहान मुलांना लांब ठेवावे. खोलताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढावा, म्हणजे जोडताना गोंधळ होत नाही. लहान सुटे भाग रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवले की गंज सुटतो; मग धुऊन, वाळवून लगेच तेलाचा हात फिरवावा. बेअरिंग खरखरत असेल तर नवीच घालावी. जुनी वायर, बटण आणि पिन फेकून द्याव्यात. मोटारीचे वाइंडिंग जाणत्या वायरमनकडून मेगर लावून तपासल्याशिवाय आणि अर्थिंग दिल्याशिवाय वीज जोडू नये. नामफलकाला हात लावू नये. तेवढाच त्या यंत्राचा जन्मदाखला असतो.

यंत्र जुने चालेल, दगड मात्र नवा हवा. त्यावर लिहिलेले फेरे मोटारीच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असावेत. दगड ठोकून बसवू नये. दोन्ही बाजूंच्या चकत्या सारख्या मापाच्या असाव्यात आणि दगड व चकती यांच्यामध्ये जाड कागदाची गादी असावी. टेकणी आणि दगड यांच्यात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नये, नाहीतर हत्यार आत ओढले जाते. गार्ड आणि काच काढून ठेवू नयेत. नवा दगड लावल्यावर बाजूला उभे राहून मिनिटभर मोकळा फिरू द्यावा. दगडाच्या कुशीवर घासू नये. अ‍ॅल्युमिनियम, पितळ लावू नये. दगड भरून जातो. चष्म्याशिवाय बटणाला हात लावू नये. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राला कुंपण आणि डोळ्याला संरक्षण मालकावर बंधनकारक केले होते. आपल्या घरी आणि विहारात मालक आपणच, तेव्हा ती जबाबदारीही आपली.

आमच्या भगिनींसाठी एक गोष्ट. पदर, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, हे सगळे आवरल्याशिवाय यंत्राजवळ जाऊ नये. खुरप्याला किंवा विळ्याला धार लावताना दाबून धरू नये आणि घडीघडी पाण्यात बुडवावे. पाते निळे पडले की लोखंडाचे पाणी उतरले समजा. मग धार टिकत नाही.

मृगाच्या आधी ग्राइंडर चालू झाला. पहिल्याच रविवारी निंदणाला जाणाऱ्या बायका खुरपी घेऊन आल्या. बोथट खुरप्याने दिवसभर मनगट दुखते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक! आय.टी.आय.त फिटर ट्रेड शिकणारी आमच्या वस्तीतली एक मुलगी पुढे झाली. तिला ड्रिलची ११८ अंशांची धार वर्गात नीट जमत नव्हती, कारण यंत्र एक आणि मुले अनेक. मामा तिच्या मागे उभे राहिले. "दाबू नको बाई. दगड आपलं काम करते. तू फक्त धरून ठेव." दोन वेळा चुकले, तिसऱ्यांदा दोन्ही ओठ सारखे आले. मग मामांनी घरून फडक्यात गुंडाळून आणलेली एक वस्तू काढली. दगड सरळ करण्याचा चांदणीच्या चाकांचा जुना ड्रेसर होता. जिन बंद झाला तेव्हा तो त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतला होता. वीस-बावीस वर्षे घरात पडून होता, कारण लावायला दगडच नव्हता. तो त्यांनी त्या मुलीच्या हातात दिला. "हा तुह्या जवळ ठेव," एवढेच म्हणाले.

तथागतांनी शेवटचे भोजन पावा गावच्या चुंदाकडे घेतले. चुंद हा कम्मारपुत्त, म्हणजे धातूचे काम करणाऱ्याचा मुलगा. त्या भोजनानंतर तथागत आजारी पडले, तरी चुंदाला कोणी दोष देऊ नये, असे त्यांनी आनंदाला सांगून ठेवले. घाम गाळणाऱ्या हातांचा एवढा मान ज्या धम्माने राखला, त्याच धम्माचे आपण उपासक. मग आपल्याच घरातील फिटर, वेल्डर, जॉबर, मिस्त्री यांना निवृत्तीनंतर ओट्यावर बसवून का ठेवावे?

तेव्हा वाचकांना एकच विनंती. घरात आजोबांची पेटी असेल, त्यात कानस, पान्हा, छिन्नी, ड्रेसर काही असेल, तर ते किलोवर विकण्याआधी त्यांना जवळ बसवून विचारा की हे काय आहे आणि कसे वापरायचे. सांगतील ते वहीत उतरवा. आणि वस्तीतल्या एका मुलाला, एका मुलीला त्यांच्या हाताखाली द्या.

हिरव्या रंगाचा तो डबा अजून आमच्याकडे तसाच आहे. मामा म्हणतात, घाई नाही. ग्राइंडर मात्र दर रविवारी सकाळी नऊ ते बारा चालू असतो. येताना आपले खुरपे आणा आणि चष्मा विसरू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!