खोक्यावरचे वॅट

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या काळी नटाचा शब्द शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचविण्याचे काम त्याच्या गळ्यालाच करावे लागे. आज सांगलीस काय किंवा साताऱ्यास काय, पुष्कळ घरांतून दिवाणखान्यातच चित्रगृह थाटले जात असून हे काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. सात स्पीकरांचे असे यंत्र घेताना खोक्यावरील ‘प्रत्येकी १०० वॅट’ हा आकडा पाहून आपण मनात ७०० वॅटांची बेरीज करतो. ही बेरीज बहुधा खरी नसते, एवढेच आम्हांस या महिन्यात सांगावयाचे आहे.

सातही स्पीकरांस वीज पुरविणारा ट्रान्सफॉर्मर यंत्रात बहुधा एकच असतो. एकत्र कुटुंबात मिळवता एक आणि जेवणारे सात, तशातलाच हा प्रकार. पुष्कळदा तो आकडा एक किंवा दोनच स्पीकर चालवून मोजलेला असतो. म्हणजे दोघे पानावर आणि पाच उपाशी, अशा वेळचे ते वाढप होय. सातही पाने एकदम मांडली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास पुष्कळच कमी येते.

दुसरी गोष्ट रोधाची. स्पीकरच्या पाठीवर ८, ६ किंवा ४ ओहम असे लिहिलेले असते. २० व्होल्ट दाबाने ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर प्रवाह जातो व ५० वॅट मिळतात; तोच दाब ४ ओहमला दिला की प्रवाह ५ अँपिअर आणि वॅट १००. कागदावर हा लाभच दिसतो. पण दुप्पट प्रवाह यंत्राने आणावा कोठून? ते तापते, आवाज फाटतो. संरक्षणाची सोय असली तर बंद पडते, नसली तर जळते. आजोबांच्या खोलीतही ऐकू जावे म्हणून ८ ओहमच्या स्पीकरच्या तारांनाच तसाच दुसरा शेजारी जोडला, तर यंत्रावर ४ ओहमचाच भार पडतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

बरे, एवढ्या वॅटांची गरज तरी किती? ५० चे १०० वॅट केल्याने आवाज वाढतो तो अवघा ३ डेसिबल. दुप्पट भासावयास सुमारे दहापट शक्ती लागते. उलट, एका वॅटात एक मीटरवर ८५ ऐवजी ८८ डेसिबल देणारा स्पीकर निवडला, तर तोच लाभ अ‍ॅम्प्लिफायर न बदलता पदरात पडतो.

म्हणून घरातील मिळवत्यांनी वर्गणी काढून पैसे मोजण्यापूर्वी दुकानदारास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हे वॅट किती ओहमवर? किती स्पीकर एकदम चालवून? आणि आवाज किती फाटू देऊन? उत्तर मिळाले नाही, तर त्या आकड्यावर पैसे टाकू नयेत.