सायकलीमागील गाडा : धुरजड कीं उलाळ?

गेल्या खेपेस आम्हीं सायकलीच्या ब्रेकांसंबंधीं चार शब्द लिहिले, त्यावर दोन-तीन घरांतून एकच पृच्छा आली : सायकलीमागें सामानाचा लहानसा गाडा जोडला असतां तो डोलतो कां, आणि त्यास उपाय काय? प्रश्न वरवर पाहतां लोहाराच्या दुकानांतला दिसतो. परंतु लवळ्यासारख्या गांवीं, जेथें गिरणी एका टोंकास, बाजार पिरंगुटास आणि भातखाचर तिसऱ्याच बाजूस, तेथें तो स्वयंपाकघराइतकाच घरचा आहे. दर वेळीं मोटार काढावी हें सर्वांसच परवडत नाहीं. आणि साठी उलटलेल्या माणसानें स्कूटरवर दोन पायांमध्यें पोतें धरून उतार उतरावा, हें आम्हांस पसंत नाहीं.

सायकलीनें ओझें वाहणें आपल्याकडे नवें नव्हे. मुंबईस १८९० सालीं महादू हावजी बच्चे यांनीं जेवणाचे डबे पोंचविण्याचा जो धंदा सुरू केला, त्यांत आमच्या मुळशी तालुक्यांतील आणि शेजारच्या मावळ, खेड, जुन्नर या भागांतील माणसें पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या सायकलींस पुढें-मागें टांगलेले डबे कोणीं पाहिले नाहींत? पुणें तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. मात्र आपल्या पांढरपेशा घरांत सायकल म्हणजे कचेरीस आणि शाळेस नेणारी. ओझें वाहणारी सायकल दुसऱ्याची, अशी एक समजूत बसली होती. ती आतां सुटावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवास आरंभ केला तो सायकलीच्या दुकानानेंच, हें आठवलें म्हणजे वंगणानें हात काळे करण्यांत संकोच वाटण्याचें कारण उरत नाहीं.

ओझें कॅरिअरवर लादलें कीं पुढचें चाक हलकें होतें, हँडल हातांत ठरत नाहीं, आणि थांबलेली सायकल जरा कलली तर सांवरतां येत नाहीं. तेंच ओझें गाड्यांत घातल्यास बहुतेक भार गाड्याच्या दोन चाकांवर जातो आणि सायकल मोकळी राहते. एवढा लाभ निःसंशय आहे. पण त्याबरोबर डोलण्याची व्याधि येते, आणि ती किती महाग पडते याचें उदाहरण आमच्याच आळींत घडलें.

एक बाई आपल्या वावरांतली भाजी पिरंगुटाच्या बाजूस विकावयास नेतात. त्यांचा बारावींत शिकणारा मुलगा पहांटे सायकलीमागील गाड्यांतून ती पोंचवी आणि तसाच पुढें कॉलेजास जाई. गाडा एका कारागिराकडून करवून घेतलेला. लोखंड भरपूर, रंगहि झकपक. गेल्या पावसाळ्यांत वाटेंतल्या एका उतारावर गाड्यानें शेंपूट हालविण्यास आरंभ केला. मुलगा सांवरूं लागला तसतसे झोके वाढले, आणि अखेर सायकल, गाडा व टोमॅटो असे तिन्ही गटारांत गेले. मुलाच्या खांद्याचें हाड मोडलें. पुढले दोन महिने टेंपोचें भाडें देतां देतां भाजीचा नफा त्यांतच जिरला, आणि कॉलेजची फी ज्या पैशांतून जावयाची ते पैसेच दिसेनासे झाले. गाडा मोडींत घालावा, असें घरांत ठरत आलें होतें.

तो पाहावयास आम्ही गेलों, तेव्हां ज्यांनीं सारा जन्म बैलगाडी हांकली असे एक वृद्ध शेतकरी तेथें बसले होते. त्यांनीं दांडी नुसती हातानें उचलून पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, उलाळ आहे हा."

या एका शब्दांत अर्ध्याहून अधिक उत्तर आहे. गाडीचें ओझें पुढें, म्हणजे जुवाकडे, पडलें तर ती धुरजड. मागें पडलें तर ती उलाळ. फार धुरजड झाली कीं बैलांच्या माना दाबतात, उलाळ झाली कीं जूं वर उचलून त्यांच्या गळ्यास फांस बसतो. म्हणून जाणता गाडीवान गाडी भरतांना किंचित् धुरजड भरतो. हाच न्याय सायकलीच्या गाड्यास लागू आहे, नव्हे अधिक लागू आहे. कारण बैल चार पायांवर उभा असतो आणि सायकल दोन चाकांवर कशीबशी तोललेली असते.

याचें कारण असें. गाड्याचा आंस हा त्याचा टेंकू होय. ओझ्याचा मध्य आंसाच्या पुढें असला, तर एखाद्या खड्ड्यानें गाडा बाजूस फेंकला गेला तरी सायकलीची ओढ आणि चाकांची पकड त्यास पुन्हां सरळ रेषेंत आणतात. मध्य आंसाच्या मागें गेला, कीं फेंकलेलें शेंपूट आपल्याच जडत्वानें आणखी बाहेर जातें आणि दांडीचें टोंक उलट दिशेस ढकलतें. तें टोंक सायकलीच्या मागच्या चाकापाशीं बांधलेलें असल्यामुळें सायकल वळूं लागते. स्वार घाबरून हँडल दुसरीकडे फिरवितो. आणि त्याच्या त्या सांवरण्यानेंच पुढचा झोका वाढतो. सावकाश चालतांना हे झोके आपोआप मरतात. एका ठराविक वेगापलीकडे ते मरत नाहींत, वाढत जातात. शिवाय उलाळ गाडा सायकलीचें मागचें चाक वर उचलूं पाहतो, म्हणजे ज्या चाकावर सारी मदार, त्याचीच पकड सुटते. उसाच्या हंगामांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागून ज्यांस जावें लागतें, त्यांनीं मागल्या ट्रॉलीचा नाच पाहिलाच असेल.

त्या मुलाच्या गाड्यांत पुढच्या बाजूस तागडी, वजनें आणि दप्तर यांची जागा मोकळी ठेवून टोमॅटोचीं भरलेलीं क्रेट्‌स मागें रचीत. क्रेट्‌स पुढें आणलीं आणि आंस थोडा मागें सरकवून बसविला. प्रथम वाळूचीं पोतीं घालून चार दिवस सपाटीवर चालवून पाहिलें. आतां मुलगा पुन्हां भाजी नेतो आणि गाडा मोडींत गेलेला नाहीं.

किती धुरजड असावा, हें मोजतां येतें. ओझें भरून गाडा सपाट जागीं उभा करावा, आणि दांडीचें टोंक सायकलीस जोडल्यावर जितकें उंच राहतें तितक्याच उंचीवर ताणकांट्यास अडकवावें. गाडा व सामान मिळून ५० किलो असेल तर कांट्यानें ४ ते ५ किलो दाखवावे. घरांतील मुलांस हें तराजूचें गणित म्हणून घालावें : जोडापासून आंसापर्यंत १२० सेंटिमीटर अंतर, एकूण भार ५० किलो, टोंकावर ५ किलो, तर ओझ्याचा मध्य आंसाच्या १२ सेंटिमीटर पुढें आला. त्यांत नवीन विद्या कांहीं नाहीं. मात्र धुरजड चांगला म्हणून पंधरा-वीस किलो टोंकावर टाकूं नयेत. सायकलीच्या मागच्या चाकाचे आरे तुटूं लागतील, आणि ओझें कॅरिअरवरून काढल्याचा लाभहि गेलाच.

दांडीस संस्कृतांत ईषा म्हणतात. नांगराच्या आणि गाडीच्या दांडीस एकच शब्द. त्याच कुळांतला आपला 'इसाड' नांगरास अजून चिकटून आहे. ही ईषा जितकी लांब तितका गाडा शांत. पण वळणास जागा अधिक लागते, म्हणून मर्यादा पाहावी. खरा घोटाळा असतो तो तिच्या जोडांत. जोड तीन प्रकारें फिरला पाहिजे : वळणासाठीं डावीउजवीकडे, चढउतारासाठीं खालींवर, आणि सायकल कलली असतां गाडा कलूं नये म्हणून स्वतःभोंवतीं. पुष्कळ कारागीर एक आंकडा व एक कडी देऊन मोकळे होतात. तो जोड तिन्ही बाजूंस फिरतो खरा, परंतु त्यांत पोकळी राहते. आतां पायडल मारतांना जोर एकसारखा लागत नसतो. मिनिटास ६० फेरे झाले तर सेकंदास दोन हिसके बसतात. पोकळ जोडांत प्रत्येक हिसक्यास गाडा एकदां मागें राहतो आणि एकदां पुढें येऊन आदळतो. आवाजावरूनच हें कळतें. खीळ नेमकी बसणारी घ्यावी, मध्यें टणक रबराची बुश घालावी, आणि चढावर उभें राहून पायडल मारण्याची हौस, गाडा मागें असतां, आंवरावी.

जोड बसवावा तो मागच्या चाकाच्या डाव्या नटापाशीं. उजव्या बाजूस चेन असते. कॅरिअरला किंवा बैठकीच्या नळीला जोडणें सोपें दिसतें, पण तेवढ्या उंचीवर बाजूचा धक्का बसला कीं तो सायकलीस आडवी पाडण्यास पुरतो. जोडाशिवाय एक मजबूत पट्टा फ्रेमभोंवतीं असावाच; खीळ निसटली तर गाडा रस्ताभर मोकाट सुटूं नये.

चाकांसंबंधीं थोडक्यांत. दोन्ही एकमेकांस समांतर हवीं. रिमांमधील अंतर पुढें आणि मागें मोजून पाहावें. हवा दोहोंत सारखी. सायकलीचें चाक दोन्ही बाजूंनीं धरलें जाण्यासाठींच घडविलेलें असतें, म्हणून एकाच बाजूच्या खुंटीवर तें बसवूं नये. वळणावर सायकल कलते, गाडा कलत नाहीं, त्यामुळें आऱ्यांवर आडवा ताण येतो. तेव्हां लहान मुलांच्या सायकलीचीं २० इंची चाकें मोठ्यांपेक्षां बरीं. भार खालीं ठेवावा आणि बांधावा. अर्धवट भरलेले पाण्याचे कॅन हे आंतल्या आंत डुचमळून गाड्यास डोलावयास शिकवितात.

वेगाबद्दल मात्र आग्रहानें सांगावेसें वाटतें. एकाच वळणावर ताशीं १५ किलोमीटरऐवजीं २० नें गेलें तर वेग तिसऱ्या हिश्शानेंच वाढतो, परंतु गाड्यास उलटविणारा जोर जवळ जवळ पावणेदोनपट होतो. हल्लीं विजेच्या सायकली आल्या आहेत. ज्यांस नोंदणी लागत नाहीं त्याहि ताशीं २५ पर्यंत सहज जातात, आणि पाय दुखत नसल्यामुळें वेगाची जाणीव राहत नाहीं. पायांनीं चालविलेला जो गाडा कधीं डोलला नाहीं, तोच तेथें डोलूं लागतो. उतार लागण्यापूर्वींच वेग कमी करावा. उतरतांना वळणावर ब्रेक दाबला कीं गाडा मागून लोटतो, आणि सायकल व गाडा अडकित्त्यासारखे मिटतात. डोलणें सुरू झालेंच तर हँडल घट्ट व सरळ धरून, पायडल थांबवून, हलक्या हातानें वेग उतरूं द्यावा. झोक्यामागें हँडल फिरवीत बसूं नये.

एका वाचक-भगिनीनें विचारलें आहे कीं, धाकट्या नातवास या गाड्यांत बसवून देवळापर्यंत नेलें तर चालेल काय? चालणार नाहीं. मुलांसाठीं जे गाडे करतात त्यांत पट्टे असतात, डोक्यावर पिंजरा असतो. सामानाच्या गाड्यांत यांपैकीं कांहीं नाहीं. आणि मागून खडीचा टिपर आला तर इतक्या खालीं बसलेलें पोर त्याच्या चालकास दिसेलच असें नाहीं. नातवाचा हट्ट फारच असेल तर अंगणांत, हातानें ओढून फिरवावें. आणि तेथेंहि त्यास आंसाच्या पुढें बसवावें.