नापास कोण झाले?

2024 साली कर्नाटकात दहावीच्या, म्हणजे एसएसएलसीच्या परीक्षेवर वेबकास्टिंगचा कॅमेरा बसला आणि राज्याचा निकाल एका वर्षात 83 टक्क्यांवरून 73 टक्क्यांवर आला. तोही ग्रेस मार्कांची खैरात करून! पुढच्या वर्षी कलबुर्गी जिल्हा राज्यात तळाला गेला. पहिल्या फेरीत शंभरातली जेमतेम 42 मुले पास. वर्षभरात मुलांची बुद्धी आटली नव्हती. आटला होता तो खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्यांचा ओघ, आणि त्या चिठ्ठ्या पोचवायला भर उन्हात भिंतीवर चढणारे मामा-काका कोण होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

हीच मुले पुढे भालकी, औराद, हुमनाबाद, आळंदच्या डिग्री कॉलेजात येतात. तिथे त्यांना सगळे एकच सांगतात, ‘अभ्यास कर.’ कसा करायचा, हे सांगणारा कोणी नाही. बैल गाडीला जुंपण्याआधी त्याला चालायला शिकवतो आपण. पोराला मात्र थेट विद्यापीठाच्या जुवाखाली घालतो आणि ते अडखळले की ‘त्याला डोकंच नाही’ म्हणून मोकळे होतो. हा निवाडा सोयीचा आहे. डोके देवाने दिलेले, त्यामुळे दोष आपल्याकडे येत नाही.

वर्गात काय चालते? मास्तर पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगतात, पोरे उतरवून घेतात. ‘सर, इम्पॉर्टंट सांगा’ हा वर्षभरात ऐकू येणारा जवळपास एकमेव प्रश्न. ‘का?’ हा दुसरा प्रश्न कोणी विचारलाच, तर मागच्या बाकावरून हशा येतो आणि मास्तरांच्या कपाळाला आठी पडते. परीक्षेला आठ दिवस उरले की बसस्टँडजवळच्या दुकानातून गाईड येते. आणि हे कुठे, तर बसवकल्याणच्या परिसरात! बाराव्या शतकात इथेच अनुभव मंटपात कारागीर आणि बाया एकमेकांना प्रश्न विचारत होत्या. त्याच्याही थोडे आधी, चालुक्य विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर इथेच मिताक्षरा लिहिली. एका ग्रंथाच्या ओळीओळीला उलटतपासणी करीत केलेला तो अभ्यास होता, म्हणून तर इंग्रजांच्या न्यायालयांनाही वारसाहक्काच्या खटल्यांत त्याचा आधार घ्यावा लागला. नव्या अनुभव मंटपासाठी आपण 500 कोटींचा प्रकल्प काढला, 2021 मध्ये पायाभरणीही केली. जुन्या मंटपातला प्रश्न मात्र आपल्या वर्गातून हाकलून दिला.

सीमाभागातल्या मराठी मुलाची कथा आणखी बिकट. घरात मराठी, शाळाही बहुतेकदा मराठी. बाजारात आणि कचेरीत कन्नड. आणि डिग्रीला आल्यावर पुस्तके एकदम इंग्रजी. समजत नाही म्हणून ते पाठ करते. अर्थ न कळता पाठ केलेले अर्थशास्त्र ते पेपरात ओकून टाकते आणि सुट्टी लागताच विसरते. आपले पुढारी मात्र सीमाप्रश्नावर मोर्चा काढतील, पण त्या मुलासाठी इंग्रजी-मराठी-कन्नड संज्ञांची एक पातळ पुस्तिका काढणार नाहीत. मोर्च्याचा फोटो छापून येतो, पुस्तिकेचा येत नाही.

बरे, अभ्यासाची रीत काही गूढ विद्या नाही. 2008 मध्ये जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना 40 स्वाहिली शब्द अर्थांसह शिकवले. काहींनी एकदा आठवलेला शब्द पुन्हा पुन्हा नुसता वाचला, काहींनी तो पुन्हा पुन्हा न बघता आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्यांना तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास शब्द आठवले, दुसऱ्यांना 80 टक्के. म्हणजे आमची पोरे पहाटे चारला उठून डुलत डुलत जे दहादा वाचतात, त्यातले बरेचसे कष्ट वाया जातात. पान वाचावे, पुस्तक मिटावे, काय उरले ते आपल्या मराठीत लिहून काढावे, मग उघडून ताडावे. इंग्रजी संज्ञा त्यानंतर. तेच पान दोन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने. जमल्यास मित्राला कन्नडमध्ये समजावून सांगावे. जिथे जीभ अडते तिथेच कच्चे आहे हे आपसूक कळते. याला पैसा लागत नाही, क्लासची फी लागत नाही. पण आठवडाभर पुरेल एवढा रिकामा वेळ आणि एक कोपरा लागतो.

तो कोपरा आपल्या घरात कोणाला मिळतो? मुलगा परीक्षेला बसला की घरातला टीव्ही बंद होतो, दुधाचा पेला खोलीत जातो. मुलगी कॉलेजच्या बसमधून उतरते ती थेट चुलीपुढे. भाकरी, भांडी, धाकट्याचा गृहपाठ, म्हाताऱ्यांची औषधे उरकून रात्री दहाला ती पुस्तक उघडते, तेव्हा ‘लाइट बंद कर, बिल येतंय’ असे ओरडणारे आपणच. आणि तिचा एक विषय राहिला की ‘हिला शिकवून काय उपयोग’ म्हणत उदगीरपासून सोलापूरपर्यंत स्थळे शोधत फिरणारेही आपणच.