उपचार कोणावर?

विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ‘रेमेडियल कोचिंग’ची योजना राबवली. मराठीत आपण त्याला ‘उपचारात्मक वर्ग’ म्हणतो. म्हणजे विद्यार्थीच रोगी! ‘असर’च्या 2022च्या पाहणीत ग्रामीण भागातील आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना साधा भागाकार जमला नाही. आजार शाळेचा आहे. तरी महाविद्यालयात अपूर्णांक अडला की बोट आरक्षणाकडे जाते. हे वर्ग हवेतच. पहिल्या पिढीला खासगी शिकवणी परवडत नाही. पण ते मुख्य वेळापत्रकात असावेत, कायम प्राध्यापकांनी घ्यावेत, आणि प्रवेश जातीच्या यादीवरून नव्हे, चाचणीवरून व्हावा. त्या निमित्ताने वंचितांचा राखीव निधी मात्र कापू नये. कच्च्या गणिताचा हिशेब व्यवस्थेनेच द्यायचा आहे.