आधी नळाची चौकशी

नाहूरच्या नव्या टॉवरमध्ये लोक राहायला आले की सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडण होतं आणि त्यानंतर पाण्यावरून. हल्ली पाण्याच्या वादाची गाडी वॉटर सॉफ्टनरवर येऊन थांबते. खरं तर महापालिकेचं भांडुप संकुल आमच्या उशालाच आहे. तिथे शुद्ध होऊन येणारं पाणी धरणांत साठलेल्या पावसाचं, मुळातच हलकं. त्याला सॉफ्टनर बसवणं म्हणजे निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसणं.

मग शॉवरला पांढरे थर कसले? ते बहुतेक वेळा बोअरचे किंवा टँकरचे असतात. बोअरचं पाणी फ्लशच्या वेगळ्या लाईनला असतं म्हणे, पण बाथरूमच्या नळाला नेमकं काय जोडलंय हे विक्रेत्याला नाही, प्लंबरला विचारावं. मग नमुना प्रयोगशाळेत द्यावा. भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत.

विक्रेता मात्र विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून दाखवतो. त्याला एवढंच विचारा, ‘यंत्र बसवल्यावर हा आकडा किती उतरेल?’ प्रामाणिक असेल तर म्हणेल, जवळजवळ नाहीच. कारण सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, अदलाबदल करतो: रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. पाण्यात सोडियम येतं म्हणून मीठ बंद असलेल्या घरात स्वयंपाकाचा नळ या यंत्राबाहेर ठेवलेला बरा. पाइपला चिकटवायची लोहचुंबकं तर कॅल्शियमचा कणही काढत नाहीत.

केस, त्वचा, सगळ्याचं खापर पाण्यावर फुटतं. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या 336 मुलांवर सॉफ्टनरची चाचणी झाली. 2011 मध्ये निकाल आला, नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. गीझरची कॉइल आणि वॉशिंग मशीन यांना मात्र खरंच फायदा होतो, तोही पाणी जड असेल तरच.

तसं निघालंच, तर माझं मत बोअरच्या लाईनवर सोसायटीचं एकच यंत्र बसवण्याला. नळागणिक काडतुसं लावली की प्रत्येक घरात ती धुण्याचा कंटाळा, आणि महिनाभरात ती नुसती शोभेला. सभेत फक्त एक ठराव आधी करून घ्यावा: मिठाची गोणी आणायची कोणी, आणि टाकीत ओतायची कोणी.