हजार रुपये की हातात झाडू?

लाँग विकएण्ड, चौघं मित्र, एक गाडी. माणगाव गेलं, म्हसळा गेलं, बोर्ली पंचतनला चहा आणि थोडी 'खरेदी', की थेट दिवेआगर! प्लॅन ओळखीचा वाटतोय ना? पुढचंही ओळखीचंच आहे. रात्री किनाऱ्यावर फुल्ल व्हॉल्यूम, कुणीतरी जरा जास्तच 'हाय', आजूबाजूच्या वाड्यांमधल्या लोकांची झोपमोड आणि सकाळी वाळूत बाटल्या.

आता थोडा कायदा. बोअर होणार नाही, प्रॉमिस! जुन्या दंड संहितेत दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला, तर २४ तासांपर्यंत कैद किंवा जास्तीत जास्त १० रुपये दंड होता. होय, दहाच! १८६०चा हा रेट शेवटपर्यंत टिकला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३५५व्या कलमात दंड हजारापर्यंत गेला आणि एक नवा पर्याय आला, समाजसेवा. बदनामी, पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी (माल परत केला तर) अशा एकूण सहा गुन्ह्यांना ही शिक्षा देता येते. ब्रिटनने हे १९७२मध्येच केलं. आपल्याकडे १९७८च्या विधेयकात ही कल्पना होती, पण लोकसभा विसर्जित झाली आणि तेही बारगळलं.

मला हा पर्याय आवडतो, कारण साधं आहे. हजार रुपये म्हणजे आपल्यासाठी दोन सुरमई थाळ्या, पण वाडीत मजुरी करणाऱ्यासाठी दोन-तीन दिवसांची कमाई. दंड सगळ्यांना सारखा लागत नाही. शनिवार मात्र सगळ्यांचा सारखाच जातो.

पण एक लोचा आहे. किती तास, कुठे, कुणाच्या नजरेखाली, हे संहितेत लिहिलेलंच नाही. काम समाजाच्या फायद्याचं हवं आणि त्याचा मोबदला मिळणार नाही, एवढंच सांगितलंय. अशा मोकळ्या जागेत काय होतं, ते पुण्याने मे २०२४मध्ये पाहिलं. कल्याणीनगरच्या पोर्श अपघातात दोघांचे जीव गेले आणि बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध आणि १५ दिवस ट्रॅफिक पोलिसांसोबत काम सांगितलं. तो कायदा वेगळा होता, गुन्हाही किरकोळ नव्हता. लोक भडकले आणि मंडळाने तीन दिवसांत आदेश बदलला. ३०० शब्द म्हणजे साधारण हा कॉलम, बॉस!

म्हणून हिशेब चोख हवा. तासांची नोंद, कामाची जागा आणि दांडी मारली तर काय, हे आधीच ठरलेलं असावं. आणि फोटोसेशन नको. किनारा रोज झाडणाऱ्या बाईंसाठी ते काम शिक्षा नाही, नोकरी आहे. तुम्हाला दिलेली शिक्षा म्हणजे त्यांच्या कामाची टिंगल होता कामा नये. एक दिवस त्यांच्या हाताखाली काम करा, त्या सांगतील तसं. पुढच्या विकएण्डला बाटली कुठे टाकायची, हे वेगळं शिकवावं लागणार नाही.