छंदाची रापी, पोटाची रापी

मराठीत पैसा कमावतात आणि कातडेही कमावतात. उर्दूतही चामड्यासाठी ‘कमाना’ हेच क्रियापद चालते. कच्चे कातडे चार दिवसांत सडते. मीठ, चुना, झाडाच्या साली आणि माणसाची मेहनत यांतून गेले की त्याचे चामडे होते आणि वर्षानुवर्षे टिकते. या दोन्ही भाषा शिकवताना मला या शब्दाचे नेहमी अप्रूप वाटते. भाषेने या कामाला कमाईचा मान दिला, समाजाने मात्र ते करणाऱ्याला गावकुसाबाहेर बसवले.

हे आज लिहिण्याचे कारण असे की चामड्याचे काम आता शिकल्या-सवरलेल्या घरांत छंद म्हणून येऊ लागले आहे. व्हिडिओ पाहून मुले-मुली पाकीट, पट्टा, वहीचे कव्हर शिवतात. अवजारांचे संच घरपोच मिळतात. मला ही गोष्ट मनापासून आवडते. मोबाइलवर अंगठा फिरवण्यापलीकडे हाताला काही येत नाही अशी पिढी आपण वाढवतो आहोत, तिच्या हातात आरी आणि दोरा आला तर चांगलेच आहे. पण आपल्या देशात चामडे हा निव्वळ छंदाचा विषय होऊ शकत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच: हा छंद जरूर सुरू करा, पण त्याचा पहिला धडा ज्याचे पोट रापीवर चालते त्याच्याकडून घ्या, आणि त्या धड्याचा मोबदला द्या.

सुरुवात कशी करावी

आधी कामाचे बोलू. पहिली वस्तू लहान असावी. बॅग नको, पाकीटही नको. बँकेचे कार्ड किंवा बसचा पास ठेवायचा एक खिसा पुरे. कार्ड साधारण ८६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद असते. चामड्याच्या जाडीसाठी आणि शिवणीसाठी कडेने जागा सोडून पुठ्ठ्यावर नमुना काढा, कापा, त्यात कार्ड बसते का ते पाहा. मगच चामड्याला हात लावा. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो, चामडे एकदा कापले की कापले.

चामडे प्रामुख्याने दोन प्रकारे कमावतात. एक, बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतींच्या तुरट रसात, ज्याला कित्येक दिवस लागतात. दुसरे, क्रोमियमच्या क्षारांत, जे लवकर होते. पहिले चामडे ताठ असते, कापलेल्या कडेला आतपर्यंत तपकिरी दिसते, पाण्याचा थेंब शोषून गडद होते आणि त्याची कड घासून गुळगुळीत करता येते. दुसरे मऊ असते, त्याच्या कडेला बऱ्याचदा निळसर-करडी झाक असते. नवशिक्याने पहिले घ्यावे. कार्डाच्या खिशाला एक ते दीड मिलिमीटर जाडी पुरते, पट्ट्याला तीन ते चार लागते. दुकानात चामडे चौरस फुटावर विकतात, पण कापून उरलेले तुकडे वजनावर स्वस्तात मिळतात. शिकायला तेच घ्या. रेक्झिन मात्र चामडे नव्हे. त्याच्या मागे कापड चिकटवलेले दिसते.

अवजारे थोडीच लागतात: धारदार कटर किंवा रापी, स्टीलची पट्टी, आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला दोरा, लाकडी हातोडी आणि एकसारख्या अंतरावर भोके पाडायचे दातेरी अवजार. महागड्या संचाच्या मागे लागू नका. सुरुवातीचा सगळा खर्च हजार-दीड हजार रुपयांत बसतो. कापताना एकाच दमात जोर लावू नये. पट्टी घट्ट धरून तीन-चार वेळा हलक्या हाताने पाते फिरवावे, आणि पट्टीवरची बोटे कडेपासून मागे असावीत. बोथट पाते जास्त धोक्याचे, कारण त्याला जोर लागतो आणि ते घसरते. चिकटवायचे सोल्युशन वापरताना खिडकी उघडी ठेवा.

आता टाका. खोगीर शिवणारे जो टाका घालत आले तोच शिका. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवायची आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. या टाक्यात एकच दोरा दोन्ही बाजूंनी प्रत्येक भोकातून गेलेला असतो. एका जागी झिजून तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते. शेवटी कड किंचित ओली करून जाड्याभरड्या कापडाने घासत राहा. हळूहळू ती चकाकू लागते. एवढ्यासाठी पहिल्या खेपेला दोन-तीन संध्याकाळी जातात, आणि बोटे दुखतात.

हे सगळे व्हिडिओत दिसते. जे दिसत नाही ते कोपऱ्यावर बसलेल्या कारागिराला ठाऊक असते. पाठीचे चामडे घट्ट असते, पोटाचे ताणले जाते. त्यामुळे पट्टा कुठून कापायचा आणि अस्तर कुठून, हे तो बोटांनी चाचपून सांगतो. आरी किती तिरकी झाली की मागचे भोक रेषेबाहेर जाते, रापीला दगडावर धार कशी लावायची, दोरा किती ओढला की चामडे चिरते, हे त्याच्या शेजारी तासभर बसल्याशिवाय कळत नाही. त्याने आयुष्यभर हेच केले आहे, फक्त त्याला कुणी शिक्षक म्हटलेले नाही.

वर्ध्याचा विसरलेला धडा

बी.एड. करताना आम्हाला नई तालीम एका प्रश्नापुरती शिकवली गेली. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली, आणि अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षण द्यावे अशी त्या समितीची मांडणी होती. सूतकताई, सुतारकाम, शेती यांच्याबरोबर चर्मकामही त्यात होते. म्हणजे ब्राह्मणाच्या, सय्यदाच्या, पाटलाच्या मुलानेही शाळेत चामडे हातात धरावे, अशी कल्पना होती.

ती हवेतून आलेली नव्हती. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर असताना गांधीजी हर्मन कॅलनबाख यांच्याकडून चपला करायला शिकले होते. तुरुंगात केलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्स यांना दिला. त्याच स्मट्स सरकारने त्यांना तुरुंगात टाकले होते. १९३९ मध्ये स्मट्स यांनी तो जोड परत केला आणि आपण त्या माणसाच्या जोड्यात उभे राहण्याच्या लायकीचे नाही, अशी भावना व्यक्त केली.

वर्ध्याची कल्पना शाळांत टिकली नाही. कार्यानुभवाचा तास इतर विषयांनी खाल्ला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. त्या दहा दिवसांत किती शाळा मुलांना चप्पल शिवणाऱ्याकडे पाठवतील? कुंभाराकडे पाठवतील, सुताराकडे पाठवतील. चामड्यापाशी मात्र पालकांची पावले अडखळतील, असे मला वाटते. आपली मुस्लिम व्यवस्थापनाची शाळाही याला अपवाद नसेल.

आपल्या घरात डोकावू

असे का व्हावे? नवव्या शतकात बगदादमध्ये अबू बक्र अल-खस्साफ नावाचे हनफी फकीह होऊन गेले. वक्फच्या नियमांवरचा त्यांचा ग्रंथ या विषयातला मूळ आधार मानला जातो. ‘खस्साफ’ म्हणजे जोडे शिवणारा. ते त्या कामावर पोट भरत, म्हणून हे नाव पडले. आज वक्फवर रोज वाद झडतात, पण त्याचे नियम लिहिणारा विद्वान मोची होता हे आपण मुलांना सांगत नाही. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी कातडी कमावत, शिवत आणि मिळालेली कमाई सदका करत. प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. हे सारे आपण बयानांत ऐकतो आणि माना डोलावतो.

आणि घरी काय करतो? चामड्याचे काम करणाऱ्या जातींची नावे आपल्याही घरांत शिवीसारखी वापरली जातात. ‘इस्लाममध्ये जातपात नाही’ म्हणणारे लोक निकाहाची बोलणी करताना बिरादरी विचारतात. शाळेच्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे चप्पल दुरुस्ती करणारे बाप ‘बिझनेस’ एवढेच लिहितात. मी त्यांना दोष देत नाही. खरे लिहिले तर वर्गात मुलाला काय ऐकावे लागेल हे त्यांना पक्के माहीत आहे.

चामडे कुणाच्या हातून येते

आपल्या राज्यात चामड्याच्या साखळीत दलित आणि मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारी उभे आहेत. जनावर सोलणारा, खाल विकत घेणारा, कमावणारा ढोर समाज, शिवणारा चर्मकार समाज, धारावीतल्या कारखान्यांत बॅगा शिवणारे बिहार-उत्तर प्रदेशचे कारागीर. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढली, तेव्हा झळ खाटिकाला बसली आणि चामड्यावर जगणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोहोचली. २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. छंद करणाऱ्याच्या टेबलावर येणारा सुबक तुकडा अशा धोक्यातून येतो.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या. ‘कोल्हापुरी’ हा शब्द नव्हता, फक्त चामड्याच्या सँडल. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. आपण सगळे संतापलो, आणि संतापणे बरोबरच होते. पण त्यातल्या किती जणांनी चप्पल घेताना कारागिराशी शंभर रुपयांसाठी घासाघीस केली नव्हती? नाव न घेता कला उचलणे वाईट असेल, तर नाव घेऊन दाम न देणेही वाईटच.

इथे कुणी म्हणेल की शिकलेली माणसे घरीच शिवू लागली तर कारागिराचे गिऱ्हाईक कमी होईल. मला तसे वाटत नाही. ज्याने एकदा पट्ट्याला दीडशे टाके हाताने घातले, तो शिवणाऱ्याच्या कामाची किंमत कधी विसरत नाही. तोच उद्या रेक्झिन नाकारून खरे चामडे मागेल, टाका बघून दाम देईल. धोका दुसरीकडे आहे. छंदवाला इंग्रजी नावाचे पान काढून ‘हस्तनिर्मित’ म्हणून तिप्पट भावाने विकतो, आणि तेच काम दुप्पट चांगले करणारा कोपऱ्यावरचा कारागीर अनामिक राहतो. हा फरक हुनराचा नाही, जातीचा आणि भाषेचा आहे.

ईदची खाल

एक गोष्ट खास आपल्यासाठी. कुर्बानीची खाल स्वतः वापरता येते, भेट देता येते, विकली तर पैसा सदका करावा लागतो आणि कसायाची मजुरी म्हणून ती देता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मदरशांना या खालींचा मोठा आधार असे. गेल्या काही वर्षांत बकऱ्याच्या खालीचा भाव इतका कोसळला की अनेक ठिकाणी त्या पुरून टाकाव्या लागतात. एका मेलेल्या बकरीचे कातडे वाया जाताना पाहून, ते कमावून उपयोगात का आणले नाही, असे प्रेषितांनी विचारल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

घरच्या गच्चीवर खाल कमावण्याचा सल्ला मी देणार नाही. वास येतो, सांडपाण्याचा प्रश्न असतो, शेजाऱ्यांशी वितुष्ट येते. पण खाल सोलताना सुरीची चीर न पाडणे आणि काही तासांत आतल्या बाजूला भरपूर जाडे मीठ चोळणे एवढे प्रत्येक मोहल्ल्याला जमेल. चिरलेली, सडलेली खाल कुणी घेत नाही. चांगली राखलेली खाल मोहल्ल्याने एकत्र करून कमावणाऱ्याकडे पाठवली आणि त्याची मजुरी दिली, तर त्याच चामड्याचे काही तुकडे शाळेतल्या मुलांच्या हातात येऊ शकतात.

तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना हा छंद लावायचा असेल तर संच मागवण्याआधी त्यांना घेऊन बाजारात जा. चामडे चर्मकाराच्या किंवा धारावीतल्या दुकानातून घ्या आणि भाव पाडून मागू नका. कारागिराला एका तासाचे शिकवणीचे पैसे द्या, गणिताच्या मास्तरांना देता तसे. मुलांनी त्याला चाचा किंवा मामा म्हणावे आणि शिकायला त्याच्याजवळ जमिनीवर बसावे. आणि शाळांनी दप्तराविनाच्या दहा दिवसांपैकी एक दिवस त्याला वर्गात बोलवावे, फळ्यासमोर उभे करावे, त्याचे नाव फळ्यावर लिहावे. त्याच वर्गात त्याचे मूल बसले असेल तर पुढच्या वर्षी अर्जात ‘बिझनेस’ लिहायची गरज कदाचित उरणार नाही.